मोहरी आधी भाजून घ्यावी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट पूर्ण, धंदा शिवणकाम, राहणार मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. बाकीच्या शरीराबद्दल त्यांनी जे सांगितले ते टाचण्यासारखे नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारे गेल्या मंगळवारी येऊन गेले आणि चहा न पिता परत गेले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

या कागदात नावे नाहीत. आमच्या उंबऱ्याच्या आत आलेल्या बाईला नाव विचारायचे नाही हा आईचा नियम होता आणि मी तो मोडणार नाही. कायद्याला नावे लागतात, ती वकीलबाईंनी वेगळ्या पुरवणीत लिहून पाकीट बंद केले आहे. घरात मी मोठी आणि माझा भाऊ धाकटा. त्याच्या-माझ्यात सात वर्षांचे अंतर आहे. खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप घरादारासाठी नाहीच. तो आईच्या एका वहीसाठी आहे. धाकट्याला ती वही काचेच्या कपाटात मांडायची आहे. मी असेपर्यंत ती त्याला मिळणार नाही, आणि मी किती दिवस आहे हे त्यालाही माहीत आहे. म्हणून हे लिहिणे आले.

कलम १. घर.

पुढची खोली आणि स्वयंपाकाची खोली, मधल्या जाड पडद्यासकट, हॉस्पिटलातल्या लिफ्टवालीला द्यावी. ती बावन्न वर्षांची आहे. लिफ्टमधल्या स्टुलावर बसून गेली अठ्ठावीस वर्षे ती माणसे वर नेते आणि खाली आणते. ऑपरेशन झालेली बाई घरी निघाली, की चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत कधीमधी लिफ्टवालीला एकटी सापडते. तेवढ्यात ती सांगते, "मागच्या गल्लीत हिरवा दरवाजा. कोणाला विचारू नका, सरळ आत जा." आमच्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक बाया अशाच आल्या. हॉस्पिटलने याबद्दल तिला कधी शाबासकी दिली नाही. दोनदा मात्र 'रुग्णांशी अनावश्यक बोलणे' म्हणून ताकीद दिली. दोन्ही ताकिदी तिने जपून ठेवल्या आहेत.

हे घर आईचे. तिच्यामागे ते आम्हा दोघांचे झाले, आणि दहा वर्षांपूर्वी धाकट्याने आपला हिस्सा मला लिहून दिला. हसतमुखाने दिला, हेही इथे नोंदवते. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला हे सोपे गेले असते. आता तो म्हणेल, घर लिफ्टवालीला? ताईचं डोकं फिरलं. त्यासाठीच वरचा दाखला.

कलम २. मशीन, दोन्ही कात्र्या आणि कढई.

हेही लिफ्टवालीला. यातली कढई सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. वकीलबाई म्हणाल्या, "कढईला एक ओळ पुरे." त्यांना पुरेल. मला नाही.

मी पंधरा वर्षांची असताना शाळेतली एक मास्तरीण आईकडे सगळे कपडे घेऊन आली. म्हणाली, उजव्या बाजूला सगळे आत घ्या. आईने विचारले, उजव्याच का? मास्तरणीने पडदा ओढला आणि दाखवले: उजवी छाती ऑपरेशनात काढली होती. आईने ते कपडे तसेच परत बांधले आणि सांगितले, चार दिवसांनी या. त्या चार दिवसांत तिने मऊ कापडाची, आतल्या कपड्यात बसेल अशी एक गोल पिशवी शिवली. तिला ती उशी म्हणायची. आधी कापूस भरला. तो इतका हलका झाला की उशी वर सरकून गळ्याशी आली. मग तांदूळ भरले, ते टोचले. मग मोहरी भरली. मोहरी बारीक, गुळगुळीत, माणूस वाकले की वाकते, निजले की पसरते. मास्तरीण आरशासमोर उभी राहिली, वाकली, पुन्हा ताठ उभी राहिली.

तीन आठवड्यांनी ती हसत हसत आली आणि हसता हसता रडायला लागली. उशी तिने धुतली होती, खिडकीत वाळत टाकली होती आणि दमट हवेत ती नीट वाळली नव्हती. टेबलावर ठेवून म्हणाली, "बघा, मला पालवी फुटली." शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. तो जमिनीवर लोळून हसला. मीही हसले. आई हसली नाही. तिने कढई चढवली.

तेव्हापासून नियम झाला. मोहरी कोरडी, मंद आचेवर भाजायची. पहिला दाणा तडतडला की गॅस बंद. पुरती गार झाल्याशिवाय भरायची नाही. भाजलेली मोहरी उगवत नाही. त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचे, घसा धरायचा, माझ्या कपड्यांना, केसांना, वह्यांना तोच वास. वर्गातल्या मुली मला 'फोडणी' म्हणायच्या.

आणि वजन काट्यावर करायचे नाही. बाईने डोळे मिटायचे. एका हातावर स्वतःची राहिलेली बाजू तोलायची, दुसऱ्या तळहातावर उघडी पिशवी धरायची. आई चमच्याचमच्याने मोहरी ओतत राहायची. बाई 'हं' म्हणाली की थांबायचे. कोणी चटकन म्हणे, कोणाला अर्धा तास लागे. आई घाई करत नसे. मग वहीत लिहायची: 'मास्तरीण. उजवी. सव्वा वाटी.' इतकेच.

कलम ३. बँकेत जे आहे ते मोहरी, कापड आणि गॅस यासाठी वापरावे. माझे लग्न झाले होते, टिकले नाही, मूलबाळ नाही, त्यामुळे या कलमात आणखी कोणी डोकावण्याचे कारण नाही.

कलम ४. धाकट्याच्या दोनशे उश्या.

हे कलम वकीलबाईंनी खोडायला सांगितले. म्हणाल्या, यात कोणाला काही दिलेले नाही. मी खोडत नाही. यात धाकट्याला समज दिलेली आहे.

धाकटा दुसऱ्या शहरात मोठा झाला, मोठ्या पदावर गेला आणि आई गेल्यावर त्याला आई आठवायला लागली. त्याने तिच्या नावाने संस्था काढली. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्मृतिदिनाला हॉस्पिटलच्या सभागृहात त्याने कार्यक्रम ठेवला. दारात आईचा फोटो, माणसाच्या दुप्पट उंचीचा. आईने तो फोटो रेशनकार्डासाठी काढला होता आणि त्यात ती वैतागलेली दिसते. व्यासपीठावर बायांना एकेक करून बोलावले आणि चकचकीत पाकिटातून एकेक उशी दिली. प्रत्येक पाकिटावर आईचा तोच वैतागलेला चेहरा. बायांना तो 'लढवय्या' म्हणत होता. त्यांतली एक लढवय्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, उतरायला दुसरा जिना आहे का? समोर माझ्या ऑफिसातले बसलेत." शी. मला तेव्हाच उठून जायला हवे होते. पण माझ्या मांडीवर फुलांचा गुच्छ होता, त्याचे पाणी कपड्यातून झिरपत होते आणि मी मठ्ठासारखी बसून राहिले.

मग धाकट्याने भाषण केले. त्यातले एक वाक्य इथे उतरवते, कारण पुढे ते लागणार आहे. तो म्हणाला, "माझ्या आईने आयुष्यभर या रोगाच्या जखमा पुसल्या, पण तिच्या अंगाला शिवायची या रोगाची कधी हिंमत झाली नाही." खूप टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दीड महिन्याने एक बाई हिरव्या दरवाज्यातून आत आली. तोंड उतरलेले. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने ती चकचकीत कार्यक्रमातली उशी काढून माझ्या टेबलावर ठेवली. घामाने आणि अंगाच्या उबेने ती फुटली होती. शिवणीतून पांढरी, ओली, केसांसारखी मुळे बाहेर आली होती. आंबूस वास. मी तोंडावर हात धरला. ती म्हणाली, "ताई, मी अंघोळीला गेले आणि हे दिसलं. मला वाटलं, माझा आजारच बाहेर आला. नवऱ्याला हाक मारायचं पण धैर्य झालं नाही मला."

मी धाकट्याला फोन केला. विचारले, मोहरी भाजली होती का?

"अगं, उत्तम दर्जाची होती ताई. निवडलेली, पॉलिश केलेली."

"भाजली होती का?"

"भाजायची असते?"

त्याच घरात जन्मला, त्याच जमिनीवर लोळून हसला, आणि विचारतो भाजायची असते. दोनशे बायांच्या अंगावर त्याने शेत पेरले. लिफ्टवालीने आणि मी एकेकीला गाठून त्या उश्या परत घेतल्या, उकलल्या, टाकल्या, नव्या भरल्या. त्याला आठ महिने लागले. तेवढ्यात माझ्या स्वतःच्या गाठीचे ऑपरेशन मी तीन वेळा पुढे ढकलले. याचा दोष त्याला देत नाही. पुढे ढकलायला मला निमित्त बरे सापडले.

कलम ५. लाल खुणेचा कप.

तो फोडून टाकावा. कोणाला देऊ नये, धुऊन वापरू नये.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. आईकडे येणाऱ्या बाया आमच्याच कपातून चहा पीत. पडद्याआड त्या कपडे काढत, आणि आई त्यांच्या व्रणावरून, जळून काळ्या पडलेल्या कातडीवरून तेलाचा हात फिरवी. तोच हात धुऊन आम्हाला वाढी. मला शिसारी येई. मी एका कपाला तळाशी नखांचा लाल रंग लावला आणि तो माझा ठरवला. आईने ते पाहिले. त्या दिवसापासून मला त्याच कपातून चहा दिला.

मी एकोणीस वर्षांची असताना टपाल कचेरीत शिक्के मारणारी एक बाई आली. तिची औषधे चालू होती, डोक्यावर एक केस नव्हता. पिशवी तोलता तोलता तिला उमासा आला. आईचे दोन्ही हात मोहरीने भरलेले. तिने हाक मारली, "मोठे, जरा यांचं कपाळ धर ग." मी पडद्यापर्यंत गेले. ती बाई बादलीवर वाकली होती. मी मोठ्याने, तिला ऐकू जाईल असे म्हणाले, "मला नाही जमणार. मला किळस येते यांची सगळ्यांची." आणि चपला घालून बाहेर पडले. तासाभराने परत आले तेव्हा आई जमिनीवरची मोहरी गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. टपालवाली भरलेली उशी घेऊन गेली, ती पुन्हा कधी आली नाही.

आई मला रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त मला पडद्याआड बोलावणे बंद केले. लग्न मोडून मी तिशीत परत आले, नऊ वर्षे तिच्यासोबत याच दोन खोल्यांत राहिले, उश्यांचे कापड कापून दिले, शिवण मारून दिली, पण भरण्याची वेळ आली की आई म्हणायची, "तू जरा बाहेर जाऊन ये." आणि मी जायची. मला ते सोयीचे वाटायचे.

गेल्या वर्षी, माझे ऑपरेशन झाल्यावर, मी टपालवालीला शोधून काढले. सत्त्याहत्तर वर्षांची, टुणटुणीत, खिडकीत बसून शेंगा सोलत होती. मी सगळे सांगितले. माफी मागितली. ती म्हणाली, "तू होतीस? मला नाही बाई आठवत कोणी मुलगी. तुझी आई आठवते. तिने हातातलं सगळं टाकून माझं कपाळ धरलं होतं. किती वेळ मोहरी सांडत होती." मग तिला दुसरी उशी लागेल का हे विचारायला मी गेले आहे असे तिला वाटले, आणि ती म्हणाली, "आहे अजून. चांगली टिकलीय." मी घरी आले. बेचाळीस वर्षे मी जे छातीवर घेऊन फिरले ते तिच्या गावीही नव्हते, आणि तरी मला हलके वाटले नाही.

कलम ६. वही.

गेल्या मंगळवारी धाकटा आला. सोबत कॅमेरावाला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आईचे स्मृतिदालन होते आहे. त्याला मशीन, कढई आणि वही हवी. वहीची दोन पाने उघडी ठेवायची, पहिले आणि शेवटचे, वर दिवा.

मी म्हणाले, "यात बाया आहेत."

"नावं कुठं आहेत ताई? नावं नाहीत म्हणून तर चालतं."

"गल्लीतली पिठाची गिरणीवाली, डावी, असं लिहिलंय. गल्लीत गिरण्या किती आहेत?"

"तू जरा मोठा विचार कर. हा वारसा आहे. आणि तू तो चालवलास. तुझाही फोटो लावतोय आपण, आईच्या शेजारी."

मी म्हणाले, चहा घे. तो म्हणाला, वही दे. मग तो उठला, दारात थांबला आणि म्हणाला, "तू नसताना मग कोणाला विचारू सांग." त्याचे डोळे भरले होते. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला हाकलून द्यावेसे वाटले.

तेव्हा वहीची व्यवस्था अशी. ज्या बाया हयात आहेत त्यांची पाने लिफ्टवालीने जिची तिला हातात नेऊन द्यावीत. ज्या नाहीत त्यांची पाने पेटवून त्यावर कढई ठेवावी आणि पुढच्या बाईची मोहरी भाजावी. एकही पान दालनात जाता कामा नये. शेवटचे पान मात्र धाकट्याला द्यावे. ते त्याला हवेच होते. त्यावर काय आहे हे त्याला माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे कोणी मध्येच फाडले तरी राहील.

आई त्रेसष्टाव्या वर्षी गेली. छातीत पाणी झाले, असे मला सांगितले होते. हॉस्पिटलात ती गेली त्या सकाळी मी खोलीत जायला निघाले तर लिफ्टवाली आणि एक नर्स दार अडवून उभ्या राहिल्या. "ताई, तुम्ही बाहेर थांबा. आम्ही त्यांना आवरतो." मी भांडले. मी मुलगी आहे, म्हणाले. त्यांनी दार लावून घेतले. मी या लिफ्टवालीशी महिनाभर बोलले नाही. मग एक दिवस ती कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन हिरव्या दरवाज्यात उभी. म्हणाली, "आईंची आहे. मला ठेववत नाही आता."

उशी होती. मला आधी वाटले, आईने शिवलेली कोणाची तरी. मग लिफ्टवालीचे तोंड पाहिले आणि मी वही काढली. शेवटच्या पानावर, आईच्या अक्षरात:

'घरातली. डावी. दीड वाटीला दोन चमचे कमी. भाजून घेतली. मोठीला कळू देऊ नये, तिला किळस येते.'

ती जाण्याच्या चार वर्षे आधीची तारीख. तेव्हा ती तीन आठवडे मावशीकडे राहायला गेली होती. मी फोन केला की मावशी म्हणायची, अंघोळीला गेलीय, बाजारात गेलीय. ती इथे होती, घरापासून शंभर पावलांवर, चौथ्या मजल्यावर. घरी आल्यावर चार वर्षे माझ्या शेजारच्या खाटेवर निजली. स्वतःच्या व्रणाला तेल स्वतःच लावत असेल, मी बाहेर गेल्यावर. तिची पिशवी लिफ्टवालीने भरली, डोळे मिटून तिने 'हं' म्हटले, आणि नंतर वही पुढे ओढून स्वतः लिहिले. परक्या बायांचे कपाळ धरणाऱ्या माझ्या आईला ओकारी आली तेव्हा तिचे कपाळ कोणी धरले हे मी लिफ्टवालीला आजवर विचारलेले नाही. ती सांगेल या भीतीने विचारले नाही.

लोक म्हणतात, मोठीने आईचा वसा घेतला. कसला वसा. पहिले सहा महिने प्रत्येक बाई गेली की मी मागे जाऊन ओकत होते. नंतर ओकणे थांबले, किळस राहिली. आजही आहे. बावीस वर्षे मी किळस पोटात घेऊन हात पुढे केला आहे, आणि त्या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त किळस आली ती व्यासपीठावर टाळ्या वाजवणाऱ्या या दोन हातांची.

माझा फोटो आईच्या शेजारी लावू नये. ही अट आहे, विनंती नाही. आणि त्या दालनात धाकट्याला काही लावायचेच असेल तर ते शेवटचे पान लावावे. तेवढे धैर्य त्याला झाले तर माझी हरकत नाही. आईची हरकत असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला. तिने ते मला कळू नये म्हणून लिहिले होते. धाकट्याला कळू नये असे कुठेही लिहिलेले नाही.

कलम ७. माझे शरीर आणि माझ्या अंगावरची उशी.

ऑपरेशननंतर माझी उशी लिफ्टवालीने भरली. मी डोळे मिटले, एका हातावर तोलले, 'हं' म्हणाले. तिने वाट्या-चमचे मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. दीड वाटीला दोन चमचे कमी. मी तिला ती मोहरी डब्यात परत ओतायला लावली. आईची उशी कपाटात होती. तीच घातली. आज, हे लिहिताना, तीच अंगावर आहे.

मी गेल्यावर मला लिफ्टवालीने आवरावे. अंगावर चादर टाकून झाली, की दार उघडावे आणि धाकट्याला आत घ्यावे. मला बाहेर ठेवले तसे त्याला ठेवू नये. मला ठेवले ते योग्यच होते, मी ते माझ्या तोंडाने मागून घेतले होते. त्याने तसे काही मागितलेले नाही. त्याला किळस आली तर येऊ द्यावी, पण जागचे हलू देऊ नये.

मग शेवटचे पान त्याला वाचायला द्यावे. वाचून झाल्यावर ही उशी त्याची. आईची वस्तू हवी म्हणून तो या घरी खेपा घालत होता. मशीन नाही, कढई नाही, आईची म्हणावी अशी वस्तू हीच आहे. त्याला डोळे मिटायला सांगावे. उशी त्याच्या डाव्या तळहातावर ठेवावी. लिफ्टवालीला घाई करायची सवय नाही, तरी लिहून ठेवते: तो 'हं' म्हणेपर्यंत ती त्याच्या हातावरून उचलू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, वकीलबाईंनी मला वाचून दाखवला, आणि जिथे माझा आवाज बसला तिथे त्यांनी थांबून पाणी दिले. यात बदल करायला मला वेळ नाही, म्हणून हाच शेवटचा धरावा. तो अंमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे सोपवले आहे. लिफ्टवालीला यात मिळकत दिली असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती पडद्याआड मोहरी भाजत बसली आहे आणि आम्ही सगळे खोकतो आहोत.

स्थळ: पुढची खोली, मशीनजवळ.
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळचे साडेअकरा.

लिहून देणार: (सही) मोठी.

साक्षीदार पहिला: (सही) हॉस्पिटलातील डॉक्टर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या व मला दोनदा रागावल्या.

साक्षीदार दुसरी: (सही) निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. नुसती सही पुरेशी आहे असे वकीलबाईंनी सांगूनही साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने पुढील शब्द लिहिले आहेत: उजवी. सव्वा वाटी.